शून्य टाकून पाह्यलं का?

आमच्या सिंदी रेल्वे या गावात मुलाकडचे मुलगी का नाकारतात, ती कारणं सगळ्यांना तोंडपाठ होती. रंग, उंची, पत्रिका, देणंघेणं. पण मुलीच्याच बापानं मुलगा नाकारला, आणि तोही का, तर त्यानं रेषेच्या समीकरणात शून्य टाकून पाहिलं नाही म्हणून, असं अख्ख्या गावात एकच घर होतं. ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होतं. येळणे सरांचं.

पहिला मुलगा असा परत गेला तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. दुसरा गेला तेव्हा "बह्याड झाला हा माणूस" म्हणाले. तिसरा गेला तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं. सरांची एकुलती एक लेक कुंदा तोवर पंचविशीला टेकली होती, आणि ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची. त्या वेळी पंचविशीची बिनलग्नाची मुलगी म्हणजे आईबापापेक्षा शेजाऱ्यांची झोप जास्त उडायची. इथे तर आई नव्हतीच. म्हणजे तिच्या वाटणीची काळजीही माझ्याच गळ्यात.

सर आणि मी एकाच शाळेत. ते गणिताचे, मी मराठीची. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे त्यांचं गणित माझ्या कवितेत सारखं शिरायचं. नववीला ते समीकरणं आणि रेषा शिकवत. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तो आरंभबिंदू. आता एखाद्या रेषेचं समीकरण दिलं तर ती रेषा या बिंदूतून जाते की नाही, ते सांगायचं. पोरं लगेच आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल काढायची. की फळ्यांपलीकडून सरांचा आवाज चढलाच.

"पट्टी ठेवा बे खाली! रेषेकडे पाहूच नका. पाहणं फसवते. क्षच्या जागी शून्य टाका, यच्या जागी शून्य टाका, मंग सांगा काय उरते. काहीच नाई उरलं, त जाते. एक जरी उरला, त नाई जात. मंग कितीबी जवळून जावो!"

हे मी इतकी वर्षं ऐकलं की एकदा कवितेचा अर्थ सांगता सांगता माझ्याच तोंडून "मग सांगा काय उरते" निघून गेलं. पोरं बाकं बडवून हसली. मी पलीकडच्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सरांचं एक लाडकं समीकरण होतं. पन्नास क्ष वजा पन्नास य अधिक एक बरोबर शून्य. ही रेषा कागदावर काढली की आरंभबिंदूला इतकी चिकटून जाते की मधली फट पेन्सिलीच्या टोकाखालीच बुजते. डोळ्याला वाटतं, गेली बरोबर मधून. पण शून्यं टाकली की एक उरतो. तो शेवटी लटकणारा सुटा एक म्हणजे सरांचा जीव की प्राण. "हा एक ज्याले दिसला, तो माणूस कधी फसत नाई, बाई," असं ते मला सांगत. मला तो कधी दिसला नव्हता, आणि मी बरेचदा फसलेही होते, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

हे वर्गापुरतं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण सर आठवडी बाजारात जायचे तेही तसेच. वांगी विकायला येणाऱ्या गिरजाबाईला म्हणायचे, "आधी रिकामी तागडी उचला."

"मास्तर, रिकाम्या तागडीत काय तोलू, तुमचं डोस्कं?"

"तेच त पाह्यचं हाय. उचला."

बिचारी उचलायची. एक पारडं हटकून जरासं खाली. "पाहा, काहीच नाई ठेवलं तरी एक वांगं उरून राह्यलं!" सर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगत. गिरजाबाई कपाळावर हात मारून एक वांगं वर टाकायची. ते वांगं सर घरी आणून कुंदाला दाखवत. स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावरही ते आधी चढत नसत. वाकून काटा पाहत, तो शून्यावर आहे का म्हणून. मागे उभे असलेले लोक खोळंबून जात.

आणि रोज सकाळचा तो स्टोव्ह! सर शाळेला निघत, बोळाच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत जात, थबकत आणि उलटे येत. दारातूनच हाक, "कुंदा, स्टोव्ह विझला का?" आतून कुंदा, "विझला, बाबा." "पाह्यलं का?" "हात लावून पाह्यलं, बाबा." मग सर निघत. एक दिवस चुकला नाही. मी खिडकीत पोळ्या लाटत असायची. कधी कधी वाटायचं, ते लाटणं घ्यावं आणि... जाऊ द्या.

एकदा मधल्या सुट्टीत मी चिडून विचारलंच, "सर, तुम्हाला कशावरच विश्वास का हो नाही?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "कुंदाची आई गेली, तवा ताप होता तिले. सकाळी दारातून पाह्यलं, त बरी दिसत होती. मी शाळेत निघून आलो. हात लावून पाह्यला असता, बाई, त समजलं असतं."

घंटा झाली. ते वर्गावर गेले. त्या दिवशी फळ्यांपलीकडून आवाज काही चढला नाही, आणि त्यानंतर मी स्टोव्हवरून कधी चिडले नाही.

कुंदाला पाहायला येणाऱ्या मुलांवरून मात्र चिडायचीच. म्हणजे सर त्यांची जी परीक्षा घेत त्यावर. पाहुणे यायचे, सतरंजीवर बसायचे, आलूपोहे व्हायचे, आणि सर खिशातून एक कागद काढायचे. त्यावर ती रेषा सुबक काढलेली, खाली समीकरण. "जावईबापू, ही आरंभबिंदूतून जाते का?" पहिला हिंगणघाटच्या जिनिंगमधला हिशेबनीस. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाला, "जाते." गेला. दुसरा शेतकीचा पदवीधर. त्यानं पट्टी मागितली. पट्टी मागितली म्हणजे संपलंच. तिसऱ्याच्या मेहुण्याला कुठून तरी कुणकुण लागली होती, त्यानं मुलाला पढवून आणलं होतं. सरांचा हात खिशाकडे गेला मात्र, मुलगा ओरडला, "नाही जात!"

"अजून समीकरण त पाह्यलंच नाई तुम्ही," सर म्हणाले.

झालं. गावोगाव बातमी फुटली. "मास्तराच्या पोरीले पाह्यले जाचं म्हंजे मॅट्रिकले बसनं हाय," असं लोक म्हणू लागले. स्थळं यायची बंद झाली. वर्ष गेलं, एक माणूस त्या दाराशी आला नाही. मी कुंदाला फैलावर घेतलं. "तू काऊन नाही बोलत गं बापाला? जन्मभर काय त्यांचा स्टोव्हच विझवणार का?"

कुंदा तांदूळ निवडत होती. बालवाडीत शिकवणारी, शांत, बापासारखीच उंच. म्हणाली, "विचारण्यात काय वाईट आहे, काकू? मलेबी वाटते, नुसतं पाहून हो म्हणणारा नको." मग हात थांबला. "पण काकू, एखादा तरी शून्य टाकून पाह्यणारा असनच ना कुठे?"

 त्या रात्री मला झोप नाही. एखादा तरी असेल ना? आणि नसला तर? सर काही अमर नाहीत. मग ही पोर त्या घरात कोणाला "विझला" म्हणून सांगणार?

पुढं आमच्या यांची साखर तपासायला आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. रक्त घेणारा मुलगा किरकोळ अंगाचा, केस चापून बसवलेले. त्यानं यंत्रात आधी नुसत्या पाण्याची नळी घातली आणि काटा फिरवत बसला. मला घाई. "का हो, पाण्यात कुठली साखर?"

"काकू, आधी पाण्यावर शून्य लावा लागते," तो म्हणाला. "नाई त यंत्राचीच चूक काकांच्या रक्तात दिसन."

माझ्या अंगावर काटा आला. तोंडातून निघून गेलं, "तुमचं लग्न झालं का?"

आमचे हे दंडावरचा कापूस धरून माझ्याकडे पाहतच राहिले. पण मी काही सोडते? गाव वडनेर, नाव अरुण, बाप शेतकरी, भाजीपाला पिकवतो, आडनाव आपल्यातलं. घरी पोहोचेपर्यंत माझा बस्ता बांधून झाला होता.

त्याला नुसतं एवढं सांगायचं होतं, की बाबा, कागद आला की शून्य टाक. जिभेच्या टोकावर होतं. पण कुंदानं माझा हात धरला. "सांगू नका त्याले, काकू. तुम्हाले माही शपथ." आता काय करावं या बापलेकीला! हा मुलगा गेला तर दुसरा येणार नाही, हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. मी दातांत जीभ धरून बसले.

पाहुण्यांच्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोह्यांत मीठ दोनदा पडलं, ते धुऊन पुन्हा केले. सर तर सकाळपासून घरात येरझारा घालत होते. चार वेळा कडी लावून पाहिली, चार वेळा काढली. मला वाटलं, पोरीसाठी घाबरलेत.

अरुण आला, त्याचे वडील भगवानजी आले. धोतर, टोपी, हाताला मातीच्या रेघा. "पोट्टं माहं साधं हाय, मास्तर," ते बसल्या बसल्या म्हणाले. "वावरात राबते बी, अन् दवाखान्यात सुई बी टोचते."

सरांचा हात खिशात गेला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आतल्या खोलीत कुंदा होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

अरुणनं कागद घेतला. रेषेकडे एकदा पाहिलं. आता हा 'जाते' म्हणतो, असं मला वाटलं आणि मी डोळे मिटले.

"पेन्सिल देता का, सर?"

डोळे उघडून पाहते तर तो समीकरणाखाली लिहीत होता. क्षच्या जागी शून्य. यच्या जागी शून्य. "एक उरतो, सर. दिसते मधून गेल्यासारखी, पण नाई जात."

मी मनातल्या मनात गावच्या मारोतीला नारळ बोलून टाकला. इतक्या वर्षांत पहिला! आता सर उठून त्याला मिठीच मारणार, म्हणून मी सरांकडे पाहिलं. तर सरांचा चेहरा पार उतरलेला.

"आणखी एक," ते म्हणाले.

आणखी एक कधीच नव्हता. सरांनी कागद उलटा केला आणि लिहिलं, तीन क्ष वजा दोन य बरोबर शून्य. अरुणनं पुन्हा शून्यं टाकली. "काही नाई उरत, सर. ही जाते."

"चूक," सर म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. मी मराठीची बाई, मला पाढेही धड येत नाहीत, पण त्या समीकरणाच्या शेपटीला सुटा आकडाच नव्हता! फळ्यांपलीकडून जन्मभर ऐकलेलं ते. ज्या माणसानं कधी दुसऱ्याचं अर्धं वांगं चुकू दिलं नाही, तो भरल्या घरात धडधडीत चुकीचं सांगत होता. मला वाटलं यांना चक्करबिक्कर तर आली नाही!

अरुणचे कान लाल झाले. त्यानं पुन्हा करून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "सर, एकदा पाहता का?"

"पाह्यलं मी."

भगवानजींनी टोपी सारखी केली. "चाला मंग. मास्तरच म्हनतेत त चूकच असन, बाप्पा." आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.  गेलं हेही स्थळ. माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

तेवढ्यात कुंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवला. पाहुण्यांकडे पाहिलंही नाही. बापाजवळ सतरंजीवर बसली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"बाबा, शून्य टाकून पाह्यलं का?"

सर कागदाकडे पाहत बसले.  मग त्यांनी लिहिलं. तीन गुणिले शून्य. दोन गुणिले शून्य. पोरांना शिकवतात तसं, एकेक पायरी.

"काय उरलं, बाबा?"

"काही नाई उरलं," सर म्हणाले.  "काहीच नाई उरलं, कुंदा."

"मंग?"

"मंग बरोबर हाय त्याचं. जाते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इतकी वर्षं जावई शोधत नव्हता. कोणी पास होणार नाही याच भरवशावर ते निवांत होते, आणि आज एकजण पास झाला होता. कुंदालाही ते कळलं असावं, कारण ती बापाचा हात धरून होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही पदर शोधू लागले.

भगवानजी अर्धे उठलेले तसेच उभे. "मंग पोट्टं पास का नापास, मास्तर? नाई, म्हनजे च्या थंडा होऊन राह्यला."

"पास," सर म्हणाले. आणि "स्टोव्ह पाहून येतो जरा" म्हणून आत गेले, ते बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "सर, काल असं काय केलंत? माझा तर जीवच जायचा बाकी होता."

सर चालत राहिले. कडुनिंबापाशी आल्यावर म्हणाले, "रोज पोट्ट्यांले सांगतो बाई, शून्य टाका, शून्य टाका. आपल्या घरात टाकून पाहाची छातीच नाई झाली. कुंदा वजा केली त काय उरते, हे काल कागदावर दिसलं अन् भेवच वाटलं."

 "येत जाईल हो ती," मी म्हटलं. "सेवाग्राम काय लांब आहे?"

"तेच मीबी म्हणून राह्यलो सोताले," सर म्हणाले.

साक्षगंध झालं, लग्न झालं. मांडवात सरांनी आचाऱ्याला रिकाम्या पातेल्याचं वजन करायला लावलं, म्हणजे तब्येत ठीक होती. कुंदाला निरोप देताना ते रडले नाहीत. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, इतकंच. तापबीप नाही ना, असं.

लग्नाच्या धामधुमीनंतर शाळेचा पहिला दिवस. मी खिडकीत पोळ्या लाटत होते. सरांनी दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, निघाले. कडुनिंबापर्यंत गेले. थबकले. माझं लाटणं हातातच राहिलं. सर उलटे आले, दारापाशी उभे राहिले, हाक मारायला तोंड उघडलं आणि समोर कुलूप.

ते तसेच उभे. मला काही ते पाहवेना. मी खिडकीतून ओरडले, "विझला, सर!"

सरांनी वर पाहिलं.

"पाह्यलं का?"

"हात लावून पाह्यलं, सर!"

माझे दोन्ही हात कणकेनं माखले होते. त्यांच्या दाराला त्यांचंच कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात. सरांनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, "बरं, बाई," म्हणाले आणि शाळेला निघून गेले. इतक्या वर्षांत माझी एक गोष्ट त्यांनी न तपासता मानली ती तेवढीच, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी मानली.